दिवाळीनंतरचा बाजार : लातूर-नांदेडच्या दुकानदाराची दोन पंचांगं

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास दिसतो : 'सणासुदीच्या काळातील लघु व्यावसायिकांच्या विक्रीचा अभ्यास, विशेष संदर्भ लातूर व नांदेड जिल्हा'. वाणिज्यवाले घेतात, व्यवस्थापनवाले घेतात, अर्थशास्त्रवालेही घेतात. पद्धत ठरलेली असते. शंभर दुकानदार, पाच पर्यायांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी शिफारशी : सवलत द्या, जाहिरात करा, ऑनलाइन या.

विषय वाईट नाही. छोट्या कापड दुकानदाराचं, भांडीवाल्याचं, चपलेच्या दुकानाचं वर्ष दसरा-दिवाळीवर तरतं किंवा बुडतं. भाऊबीज झाली की गल्ल्यावर बसून माशा मारायची वेळ येते, हेही आपण डोळ्यांनी बघतो. अडचण गृहीतकाची आहे. सणाला विक्री चढते, सण संपला की पडते, हे आपण पावसाळ्या-उन्हाळ्यासारखं धरून चालतो. मी मूळची सांख्यिकीची विद्यार्थिनी. कुठलाही आलेख दिसला की तो किती वर्षांपासून असा आहे, हे विचारायची सवय लागलेली. तो प्रश्न या विषयाला विचारला की गोष्ट बरीच बदलते.

माझं वाचन असं आहे : आपल्याकडची दिवाळीनंतरची मंदी जुनी नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या छोट्या दुकानदाराचा माल दिवाळीला जायचा, पण पैसा दिवाळीनंतर यायचा. म्हणून सीझननंतरचे तीन-चार महिने त्याच्यासाठी सगळ्यात धावपळीचे असायचे. हे का, ते समजायला त्याची दोन पंचांगं शेजारी ठेवावी लागतात.

पहिलं पंचांग व्यापाऱ्याचं. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांचं वर्ष दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला नवी वही, पाडव्याला किंवा लाभपंचमीला मुहूर्ताचा सौदा. घाऊक व्यापाऱ्याला त्याआधी आपलं येणं गोळा करून जुनी वही मिटवायची असे. म्हणजे लातूरच्या छोट्या दुकानदारावर वरून तगादा यायचा तो दिवाळीच्या आत.

दुसरं पंचांग शेतकऱ्याचं, आणि ते दिवाळी बघून चालत नाही. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पुढच्या वेचण्या पौषापर्यंत चालतात. खरिपाची ज्वारी दिवाळीच्या आगेमागे काढायची, मग खळं, मळणी, रास. तूर त्यानंतर. हरभरा आणि रब्बीची ज्वारी तर माघ-फाल्गुनात. दिवाळीला पोरांना कपडे लागतात, लेकीला साडी लागते, आणि हातात रोख नसते. मग 'रास झाली की देतो' या एका वाक्यावर दुकानात कापड फाडलं जायचं.

छोटा दुकानदार या दोन पंचांगांच्या मधला पूल. वरच्याला दिवाळीआधी द्यायचं, खालच्याकडून मार्गशीर्ष ते फाल्गुन घ्यायचं. त्याचं कौशल्य दिवाळीत किती विकलं यात कमी, आणि हे चार महिने त्यानं कसे काढले यात जास्त होतं.

निजामी राजवटीत या पुलाला आणखी एक फाटा होता. हैदराबाद संस्थानाचा सरकारी फसली सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, 'आजर' महिन्यापासून सुरू व्हायचा. (जुने कागद बघणाऱ्यांसाठी : फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हे विसरलात तर अख्खी दिवाळी भलत्याच वर्षात जाऊन पडते.) चलनही वेगळं. संस्थानात हाली शिक्का, बाहेर कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा पुढे रूढ झालेला दर, म्हणजे शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. माल तिकडून यायचा तेव्हा करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, भरून यायचा. किंमत कलदारात, गिऱ्हाईक मात्र हालीत देणार. नांदेडला १९०० सालीच मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन आली होती, त्यामुळे त्याचं तोंड मुंबईकडेही होतं आणि हैदराबादकडेही. उधारीत मुदतीची जोखीम होतीच, तिच्यावर बट्ट्याची जोखीम बसली. दुकानदार ती भावात धरत असणार, असा माझा अंदाज.

लातूरची गंजगोलाई या संदर्भात बघण्यासारखी आहे. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली, मधली गोल दुमजली इमारत १९१७ ची, आत अंबाबाईचं मंदिर, आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, अशी एकेका रस्त्याची ओळख. पर्यटनाच्या माहितीत ती 'वास्तुवैभव' म्हणून येते. मला ती वसुलीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची वाटते. शेतमाल विकून आडतीवरून रोख घेऊन निघालेला माणूस ज्या रस्त्यानं जाईल, त्यावर कुणाचं ना कुणाचं दुकान आहेच. धान्याची पेठ आणि किरकोळ दुकानं पायी अंतरावर असणं हीच त्या बाजाराची ताकद होती.

आता सीझननंतरचे महिने. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मग जत्रा. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपास भरते, म्हणजे बहुधा डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं यांच्यासाठी ती प्रसिद्ध, पण जनावरांच्या बाजाराभोवती घोंगड्या, झुली, घुंगरमाळा, कासरे, भांडी, लोखंडी अवजारं, खेळणी यांची पालं पडतात. जनावर विकलेल्या माणसाच्या खिशात त्या दिवशी वर्षातली सगळ्यात मोठी रोख असते. दुकानदाराला याहून चांगली जागा कुठली? दिवाळीत न खपलेला माल इथं निघायचा, आणि ज्याच्याकडे येणं आहे तो माणूसही इथंच भेटायचा.

त्याच अमावास्येला लातूर-उस्मानाबादकडे येळवस. हा शेतात जाऊन भज्जी, आंबील, खीर खायचा सण. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात आणि दुकानदारही कुणाच्या तरी शेतात जेवायला असतो. विक्री शून्य. पण ज्याच्या बांधावर बसून जेवलं त्याच्याशी वर्षाचं नातं पक्कं होतं, आणि त्याचं पीक कसं आलंय ते डोळ्यांनी दिसतं. उधारी द्यायची की नाही, यासाठी याहून खात्रीशीर पाहणी मला तरी माहीत नाही. पुढे महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, रब्बीची ज्वारी निघायच्या सुमारास. मग होळी, आणि पाडव्याला शालिवाहन शकाचं नवं वर्ष. तोवर बऱ्याच खात्यांवर 'फिटले' अशी खूण पडायची, काहींवर पडायचीच नाही.

जत्रांची ही साखळी शोधायला सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे १९६१ च्या जनगणनेचा महाराष्ट्रातल्या यात्रा आणि उत्सवांवरचा खंड. जिल्हा गॅझेटिअर तर हवेतच : नांदेडचं १९७१ चं, उस्मानाबादचं १९७२ चं. लातूर शोधायचं ते उस्मानाबादमध्ये, कारण लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. माळेगाव आज लोहा तालुक्यात आहे, जुन्या कागदांत कंधार तालुक्यात बघा. जत्रेची तिथी, दिवस आणि काय विकलं जायचं हे एका तक्त्यात मांडा आणि शेजारी पीक निघायचे महिने लिहा. संशोधनाचा निम्मा प्रश्न तिथंच उभा राहतो.

इथं उधारीचं गोडवे गाणं माझ्याकडून होऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत (पाहणी १९५१-५२, अहवाल १९५४) ग्रामीण कर्जातला व्यावसायिक सावकारांचा वाटा ४४.८ टक्के आणि शेतकरी-सावकारांचा २४.९ टक्के निघाला. सहकारी संस्थांचा फक्त ३.१. व्यापारी आणि आडत्यांचा ५.५ टक्के. हा शेवटचा आकडा मला नेहमी कमी वाटतो. दुकानातून उधार नेलेल्या लुगड्याला कर्ज म्हणून किती जणांनी सांगितलं असेल? वही मोडीत किंवा महाजनी लिपीत, भाव दुकानदारानं लावलेला, व्याज त्या भावातच मुरलेलं. उधार घेणाऱ्यानं घासाघीस करायची सोय नव्हती आणि दुसऱ्या दुकानात जायचीही नव्हती. ज्याला आज 'ग्राहकनिष्ठा' म्हणतात, तिचा बराच भाग ही अडचण होती. ज्याच्याकडे शेत नाही, खळं नाही, त्याला तर 'रास झाली की' असं म्हणताही येत नव्हतं; त्याची दिवाळी मजुरीइतकीच.

आता एका अवघड वर्षाबद्दल. जुन्या पेठेवर लिहिताना आपण 'तीन पिढ्यांची दुकानं' असं सहज म्हणतो. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीनं खेड्यापाड्यांतले लोक, व्यापारीसुद्धा, घरंदारं सोडून सीमेपलीकडे गेले. रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी हा लातूरचाच वकील. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलट बाजूनं हिंसा झाली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून नोंदवले. लातूरबद्दल समितीनं लिहिलं की इथं श्रीमंत कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती, कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, आणि सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

त्या साली ऑक्टोबरअखेर दिवाळी होती. त्या दिवाळीला गोलाईत कोणती दुकानं उघडी होती आणि कुणाच्या वह्यांमधलं येणं बुडालं, हे कुठल्याही प्रश्नावलीत येणार नाही. सांख्यिकीत याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात : टिकलेल्या दुकानांनाच विचारलं की टिकण्याच्या युक्त्याच ऐकू येतात. 'आमच्या आजोबांनी प्रामाणिकपणानं धंदा वाढवला' हे खरं असेलही. शेजारचं दुकान कुणाचं होतं, हेही विचारायला हवं. आवाज न चढवता, पण विचारायला हवं.

पुढची मोडतोड हळूहळू आणि कागदोपत्री झाली, म्हणून ती कमी दिसते. हाली शिक्का गेला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापसाचा पैसा व्यापाऱ्याऐवजी सरकारकडून, हप्त्यांनी येऊ लागला. कापूस घातला म्हणजे लगेच रोख, हे समीकरण सुटलं. दुकानदाराची वसुली आता त्या हप्त्याच्या तारखेला टांगली.

दुसरा बदल आयकरातला, आणि तो फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. व्यापाऱ्याला पूर्वी हिशेबाचं वर्ष निवडता यायचं, दिवाळी ते दिवाळी धरलं तरी चालायचं. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च सक्तीचं झालं. दिवाळीला वहीपूजन राहिलं, वही मात्र मार्चला बंद होऊ लागली. दुकानदारानं देणीघेणी मिटवायची आणि उरलेला माल काढायची तारीख एका फटक्यात पाच महिने पुढे गेली. मार्चअखेरचे सेल हे कुणा मार्केटिंगवाल्याच्या डोक्यातून निघालेले आहेत असं समजण्याआधी हे वर्ष लक्षात ठेवा.

आणि तिसरा बदल सोयाबीनचा. १९९० नंतर लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पसरलं. हे पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघतं आणि थेट बाजारात जातं; घरात साठवून खायचा प्रश्न नाही. शतकभरात पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या हातात मोठी रोख दिवाळीच्या आधी यायला लागली. दोन पंचांगं एकमेकांवर येऊन बसली. उधारीची गरज कमी झाली, हे शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच. पण विक्री आठ-दहा दिवसांत कोंबली गेली, आणि मार्गशीर्षात दुकानात यायचं कारणच संपलं. पूर्वी गिऱ्हाईक पैसे द्यायला यायचं आणि जाताना काहीतरी घेऊन जायचं. आता हिशेब चुकता, माणूस मोकळा. दिवाळीनंतरचा रिकामा गल्ला मला या बदलाचा भाग वाटतो, ऑनलाइन खरेदी त्याच्या बऱ्याच नंतर आली. ऑक्टोबरमध्ये भाव पडला किंवा पावसानं शेंगा काळ्या पडल्या की दहा दिवसांचा सीझनही जातो, आणि मागे सावरून घ्यायला जत्रांचे तीन महिने उरलेले नाहीत.

हे म्हणणं तपासायचं तर तुलनेला नांदेड हाताशी आहे. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या बाजाराचा पैसा इथल्या पिकावर अवलंबून नाही. दसरा, दिवाळीच्या वेळचं तख्तस्नान, लगेच गुरुता गद्दी, मग फाल्गुनात होला मोहल्ला, आणि सचखंड एक्सप्रेसनं येणारे भाविक. २००८ च्या ऑक्टोबरअखेर गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीला तर दिवाळी आणि तो सोहळा एकाच आठवड्यात आले. माझं गृहीतक बरोबर असेल तर या भागातल्या दुकानांचा दिवाळीनंतरचा उतार सोयाबीनच्या गावांतल्या दुकानांपेक्षा सौम्य असायला हवा. नसेल तर मला दुसरं कारण शोधावं लागेल. याच शहरात उस्मानशाही मिलच्या काळात महिन्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस घेणारा कामगारही होता. त्याचा बाजार कधीच खळ्यावर चालला नाही.

आकड्यांच्या बाबतीत दोन-तीन सापळे. 'ऑक्टोबर २०२२ पेक्षा ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्री घटली' असं वाक्य प्रबंधात दिसलं तर कॅलेंडर उघडा : २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, २०२३ ची अधिक मासामुळे १२ नोव्हेंबरला. अमेरिकन जनगणना विभागाच्या एक्स-१३ या सॉफ्टवेअरमध्ये ईस्टरच्या सरकत्या तारखेची सोय तयार आहे. दिवाळीसाठी चल आपल्यालाच बनवावं लागतं. रमजान ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि आपल्या दोन्ही शहरांत तो बाजार मोठा आहे. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी दिवाळी आणि ईद तीन-चार दिवसांच्या अंतरानं आल्या. दोन्हीचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर ही वर्षं सोडून चालणार नाही, आणि फक्त तीच घेऊनही चालणार नाही. २०१६ ची दिवाळी ३० ऑक्टोबरची, नोटाबंदी ८ नोव्हेंबरची. म्हणजे सोयाबीनची आणि दिवाळीच्या विक्रीची रोख हातात असतानाच ती कागद झाली. त्या वर्षीचा उतार सरासरीत घालू नका.

जीएसटीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ४० लाखांच्या खाली उलाढाल असलेला माल विकणारा दुकानदार नोंदणीतच नसतो, आणि कंपोझिशन योजनेतला तिमाही भरणा करतो. ऑक्टोबर ते डिसेंबर एकच तिमाही. दिवाळीच्या आधीचं आणि नंतरचं, आपल्याला जे वेगळं बघायचंय तेच, त्या एका आकड्यात मिसळून जातं.

म्हणून शेवटी वहीकडेच यावं लागतं. एखाद्या कुटुंबानं १९८९ च्या आधीची दिवाळी-ते-दिवाळी वही बघू दिली, तर विक्रीचा आकडा आधी शोधू नका. येणं बाकीची पानं काढा. नाव उतरवायचं नाही, ती माणसं आणि त्यांची नातवंडं गावातच आहेत. तीनच रकाने करा : गाव, रक्कम, आणि फिटल्याची तिथी. त्या तिथ्या माळेगावच्या आणि सिद्धेश्वराच्या जत्रेभोवती गोळा होतात की वर्षभर विखुरतात, हे मोजायला एम.एस्सी.चीही गरज नाही.